रातांब्याचे दिवस

वैशाख सरत आला की कोकणातल्या घरांची खळी आणि पडव्या लालजांभळ्या होतात. माणसांचे हातसुद्धा! परसातला, व्हाळाकाठचा रातांबा पिकलेला असतो आणि पाऊस येण्यापूर्वी त्याची सोय लावायची असते.

मुंबई-पुण्याच्या मंडळींना या फळाची ओळख बहुधा सरबताच्या बाटलीपुरती किंवा आमटीतल्या आमसुलापुरतीच. झाड मूळचे पश्चिम घाटातले. सदाहरित, खाली झुकलेल्या फांद्यांचे. जुनी बहुतेक झाडे आपसूक उगवलेली. त्यांना ना कुणी खत घातले, ना पाणी. तरी घराला त्यांनी किती दिले!

फळ फोडून साल आणि बिया वेगळ्या करायच्या. गराच्या रसात मीठ घालून त्यात साली भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या. अशी पुटे चढत आमसूल काळे होते. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. ते नारळाच्या दुधात पडले की सोलकढी. सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृतकोकम. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळायचे. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येते. थिजल्यावर त्याचे मुठीएवढे गोळे वळतात, तेच मुठेल. भेगाळलेल्या टाचांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच औषध.

या साऱ्याला ऊन हवे आणि राबणारे हात हवेत. घरे रिकामी झाली, हात कमी झाले. त्यात २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला. ज्यांची फळे तेव्हा झाडावर होती, त्यांना ना ऊन मिळाले ना उसंत.

आणखी एक अडचण झाडाचीच. रातांब्यात नर-मादी वेगळे. बियांपासून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळेपर्यंत कित्येक वर्षे जातात. मग फळ नाही म्हणून कुऱ्हाड! परागासाठी थोडे नर राखावे लागतात, हे ध्यानात राहत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’, ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या. त्यांच्या कलमांमुळे निदान मादी झाडाची खात्री मिळते.

पण कलम रोपवाटिकेत मिळेल, हातची कृती कुठे मिळणार? यंदा मे महिन्यात गावी गेलात, तर घरातल्या आजीशेजारी पाट घेऊन बसा. मीठ किती, पुटे किती, ते विचारून घ्या. आणि हात लाल होऊ द्या.