परगांवचें घर आणि त्याचा कारभारी

नोकरीनिमित्त पुण्यास, नागपुरास, क्वचित् परदेशींही जाऊन स्थिरावलेल्या कित्येक कुटुंबांचें एखादें घर आमच्या अंबरनाथ-बदलापुराकडे असतें. आयुष्याची शिल्लक त्यांत गुंतलेली असते. तें विकवत नाहीं आणि कुलूप लावून ठेवणें परवडत नाहीं. मग तें भाड्यानें द्यावयाचें ठरतें, व प्रश्न पडतो कीं, दूर बसून कारभार आपणच पाहावा, कीं मोबदला देऊन कोणी कारभारी नेमावा? मी अंबरनाथकर, दोघातिघांच्या किल्ल्या माझ्या खुंटीवर टांगलेल्या आहेत, तेव्हां या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार घेतों.

प्रश्न नवा नव्हे. मुंबईच्या चाळींतून भाडें वसूल करीत फिरणारा मेहताजी हा मालकाचा कारभारीच होता. मालकाच्या मनांतली भीति मात्र निराळ्या कारणानें रुजली. १९७३ सालीं जुन्या भाडेनियंत्रण कायद्यांत दुरुस्ती होऊन, त्या वर्षीं १ फेब्रुवारीस जे लोक केवळ परवानगीनें राहात होते त्यांनाही भाडेकरूचें संरक्षण मिळालें. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असें मालकांना वाटूं लागलें व अनेकांनीं घरें बंदच ठेवणें पत्करलें. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, आणि चित्र पालटलें. त्याच्या २४ व्या कलमान्वयें लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागतां येतो, व पुढील दिवसांबद्दल दुप्पट दरानें भरपाईही मागतां येते.

पण ही ढाल कागदाची आहे. करार अकरा महिन्यांचा, मग नोंदणी कशाला, असें दलाल बेधडक सांगतात. तें साफ चूक आहे. याच कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद निघाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही. हलगर्जी कारभाऱ्यानें केली तरी बोजा मालकाच्याच माथीं! म्हणून करार परक्यावर सोंपवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. सोंपविण्याचें कारणही उरलेलें नाहीं. आतां ही नोंदणी संगणकावर, आधारच्या अंगठ्यानें, घरबसल्या होऊं शकते. भाडें बँकेंत परस्पर जमा होतें. पोलिस ठाण्यास भाडेकरूची माहिती देणें, सोसायटीस कळविणें, हींही लिहिण्याचींच कामें. सोसायटीनें बिनभोगवटा शुल्क मागितल्यास तें सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावें, हा शासनाचा २००१ चा आदेश जवळ ठेवावा.

मग कारभारी कशास हवा? डोळ्यांसाठीं. भिंतीची ओल नागपुरांत बसून दिसत नाहीं. उल्हास नदी बदलापुराचें काय करते तें २६ जुलै २००५ रोजीं दिसलें, आणि पुन्हां २७ जुलै २०१९ रोजीं; त्या खेपेस महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरांत अडकली व शेंकडो उतारूंना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. नदीकडच्या तळमजल्यावर ज्यांचें घर आहे, त्यांना अशा दिवशीं विजेचा मुख्य खटका बंद झाला कीं नाहीं हें पाहणारें माणूस जवळपास हवेंच. उल्हासनगराची गोष्ट याहून गंभीर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणींतून वाढलेलें हें शहर अतिशय दाट वस्तीचें. मे २०२१ मध्यें पंधरवड्याच्या आंत तेथें दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. पावसाळ्यापूर्वीं धोकादायक इमारतींना नोटिसा लागतात. ती दारावर चिकटलेली, आणि मालक तीनशें कोसांवर. येथें प्रश्न भाड्याचा राहात नाहीं, आंत झोपणाऱ्यांच्या जिवाचा होतो.

यास्तव कागद व पैसा आपल्या हातीं ठेवावा आणि पाहणी विकत घ्यावी. शेजारच्या सद्गृहस्थास फुकट राबवूं नये. वर्षभर तो संकोचानें करतो, पुढें फोन उचलीनासा होतो. ठरीव मोबदला द्यावा. पावसाळ्याआधीं, मध्यें व नंतर छायाचित्रांसह पाहणी व्हावी, आणि न विचारतां किती रुपयांपर्यंत दुरुस्ती करावी तें लिहून द्यावें. सरसकट कुलमुखत्यारपत्र मात्र कोणासही देऊं नये. दिलेल्या अधिकारांत प्रतिनिधीनें जें केलें तें मालकास बांधतें. अनामत घेणें व करारावर सही करणें हीं दोन कामें तर वगळावींच. हिशेब मागण्यांत संकोच नको, १८७२ च्या करार कायद्याचें २१३ वें कलम तो हक्क देतें.

कारभाऱ्याचा पगार प्राप्तिकरांत वेगळा वजा मिळतो, ही समजूत खोटी. भरलेला पालिकेचा कर वजा जातां उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्ती, वसुली, पगार सारें त्यांतच आलें. वर्षाचे ९६,००० रुपये उरत असतील तर वजावट २८,८००. एका महिन्याचें भाडें, म्हणजे ८,०००, कारभाऱ्यास दिलें तरी तें तींत सहज सामावतें.

परदेशस्थांना किंवा तीनचार घरें असणारांना पूर्ण कारभार सोंपविण्यावांचून गत्यंतर नसतें, हें मान्य. इतरांनीं निदान ताबा परत घेण्याच्या दिवशीं स्वतः यावें. विजेचें बिल, पाणीपट्टी व सोसायटीची बाकी पाहावी, प्रत्येक नळ सोडून पाहावा, मगच अनामत परत करावी. पुण्याकडून येणारास कर्जतला उतरलें कीं बदलापूर-अंबरनाथची लोकल मिळते.