आठ पैलूंची तुरटी

पहिल्या दिवशी आम्ही घाई केली. गरम पाण्यात तुरटी विरघळवली आणि बरणी लवकर गार व्हावी म्हणून थेट फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी तळाशी ओल्या रव्यासारखा पांढरा थर साचला होता. सहावीतली माझी भाची हिरमुसली. पण तो थर तिच्या भिंगाखाली धरला तर त्यातला कण न् कण चकाकत होता. स्फटिक झालेच होते, फक्त एकाच वेळी हजारो झाले होते आणि त्यातल्या कुणालाच वाढायला पुरेसा माल मिळाला नव्हता.

मुलांबरोबर घरी स्फटिक वाढवायचे तर सुरुवात तुरटीनेच करावी, असं माझं ठाम मत आहे. पुष्कळ जण मिठाने सुरू करतात आणि कंटाळतात. शंभर मिलिलिटर पाण्यात २० अंशांना साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि पाणी उकळलं तरी हा आकडा ३९च्या आसपासच राहतो. त्यामुळे मिठाचं पाणी गार करून हाती काही लागत नाही. पाणी उडून जाण्याचीच वाट पाहावी लागते, आपल्या मिठागरांत पाहतात तशी. साखरेचा पाक इतका दाट होतो की त्यातले कण सावकाश सरकतात. दोऱ्याची खडीसाखर जमायला म्हणूनच बरेच दिवस जातात. तुरटीचं तसं नाही. २० अंशांना तेवढ्याच पाण्यात ती जेमतेम चौदा ग्रॅम मावते, ५० अंशांना मात्र ३६ ग्रॅमच्या वर. पाणी गार होत गेलं की ही जास्तीची तुरटी बाहेर पडते. ती किती सावकाश बाहेर पडेल, हे ठरवणं आपल्या हातात असतं.

दुकानात ‘पोटॅश तुरटी’ मागा. दाढीनंतर न्हावी गालावरून फिरवतो, तसा काचेसारखा पारदर्शक खडा हवा. गढूळ पाणी निवळायला मिळणाऱ्या पिवळट, अपारदर्शक ढेपा इथे कामाच्या नाहीत. पाव लिटर पाणी गरम करून त्यात साठ ग्रॅम तुरटीची पूड ढवळायची. गरम पाण्याचं हे काम मोठ्यांनी करावं. द्रावण स्वच्छ फडक्यातून गाळून त्यातलं थोडं बशीत ओतायचं आणि बशीला हात लावायचा नाही. एक-दोन दिवसांत बशीत तांदळाएवढे, साबुदाण्याएवढे खडे दिसू लागतात. त्यातला सर्वांत नीटस, एकटा वाढलेला खडा चिमट्याने उचलायचा. हे आपलं बीज. त्याला बारीक नायलॉनचा धागा बांधायचा. शिवणाचा सुती दोरा नको, कारण त्याच्या तंतूंवर जागोजागी नवे स्फटिक धरतात आणि बीज बिचारं उपाशी राहतं. उरलेलं द्रावण पूर्ण गार झाल्यावर पुन्हा गाळायचं आणि धाग्याचं टोक पेन्सिलीला बांधून बीज त्यात मधोमध लोंबतं ठेवायचं. बरणीवर रुमाल टाकायचा.

नेमकं इथेच आमचं दुसरं बीज गेलं. बरणी खिडकीत होती, दुपारच्या उन्हाने पाणी कोमट झालं आणि संध्याकाळी धाग्याला नुसती गाठ उरली. कोमट पाण्यात तुरटी जास्त मावते, म्हणून पाण्याने ती बीजातून परत घेतली. त्यानंतर आम्ही बरणी जाड टॉवेलात गुंडाळून घरातल्या कोपऱ्यात ठेवली. बीज सोडण्याआधी तुरटीचा एक कण टाकून पाहायची सवय लावून घेतली: दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा असेल तर द्रावण तयार. कोकणातल्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की पाणी उडता उडत नाही. हा उद्योग थंडीत करावा, दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला तर उत्तमच.

तीन आठवड्यांनी आमच्या धाग्याला बोराएवढा स्फटिक लटकत होता. दोन चौकोनी पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवावेत तसा, आठ पैलूंचा. कुणी कापला नव्हता, घासला नव्हता. पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनियम, सल्फेट आणि पाणी यांचे कण एका ठरलेल्या मांडणीत रचले जातात, तीच मांडणी दर थराला पुन्हा येते, आणि त्या मांडणीचा आकार बाहेर पैलू होऊन दिसतो. यातलं पाणी मुलांना आवर्जून सांगावं. शंभर ग्रॅम तुरटीत सुमारे पंचेचाळीस ग्रॅम पाणीच असतं, अगदी कोरड्या खड्यातसुद्धा. तव्यावर तुरटीची लाही करताना ती आधी वितळते, खदखदते आणि मग फुगते, ते हे पाणी निघून जात असतं म्हणून. कोरड्या हवेत ठेवलेला स्फटिक काही दिवसांनी पांढुरका पडतो, त्याचंही कारण हेच. त्यावर नेलपॉलिशचा पारदर्शक हात दिला तर तो टिकतो.

निळ्याशार रंगामुळे मोरचुदाचा मोह होतो. द्राक्षबागांच्या बोर्डो मिश्रणात ते असतं, म्हणून अनेक घरांत सहज सापडतंही. पण ते विषारी आहे. लहान मुलांच्या हाती ते देऊ नये, आणि स्वयंपाकाची भांडी तर त्यासाठी मुळीच वापरू नयेत.

डोरोथी हॉजकिन यांनी लहानपणी, दहाएक वर्षांच्या असताना, शिकवणीत तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवले होते. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी पेनिसिलीन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना उलगडली, १९६४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण चित्र त्यांनी १९३५मध्ये टिपलं होतं. त्याची रचना हाती आली १९६९मध्ये.

आमच्या बशीत मागे राहिलेले खडे मात्र वेडेवाकडे होते. तळाशी टेकलेली बाजू वाढू न शकल्याने कुणी चपटा, कुणी तिरकस. भाची ते टाकून द्यायला निघाली होती. मी तिला थांबवलं आणि निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाचं म्हणणं सांगितलं. त्याने १६६९मध्ये गारगोटीच्या स्फटिकांबद्दल लिहून ठेवलं होतं, की पैलू लहानमोठे झाले तरी त्यांच्यामधले कोन बदलत नाहीत. आइस्क्रीमच्या दोन काड्या टाचणीने जोडून आम्ही मोजपट्टी केली. काड्या पैलूंवर टेकवायच्या आणि तशाच उचलून कोनमापकावर ठेवायच्या. बोराएवढ्या देखण्या स्फटिकाच्या धारेवरचा कोन आला ११० अंशांच्या जरासा आत. मग तिने सगळ्यात चपटा, बेढब खडा उचलला.

“मावशी, याचाही तेवढाच येतोय!” म्हणाली, आणि बशीतला पुढचा खडा घेतला.