डेसिबलचा कायदा आणि कानाची साक्ष

ध्वनिप्रदूषणाविषयीची आपली चर्चा बहुधा अंमलबजावणीपाशी येऊन थांबते. पोलीस तक्रार घेत नाहीत, मंडळ कारवाई करत नाही, सरकार सणासुदीला सवलती देते. हे सारे खरेच आहे. परंतु त्याआधीचा एक प्रश्न आपल्या धोरणचर्चेत फारसा ऐकू येत नाही: कायदा जे मोजतो, तेच आपला कान ऐकतो का?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे डेसिबल ‘ए’ श्रेणीवरचे, म्हणजे मानवी श्रवणाशी जुळणारे, असे नियमांची अनुसूची सांगते. या जुळणीचे मूळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आहे. तेथे हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन यांनी श्रोत्यांना निरनिराळ्या कंप्रतेचे स्वर ऐकवून कोणते सारखेच मोठे वाटतात ते नोंदवले आणि १९३३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खर्जातले स्वर कानाला कमी ऐकू येतात. मात्र आवाज वाढत जातो तसा हा फरक ओसरतो. ‘ए’ श्रेणी बेतली गेली ती हळू आवाजाच्या आलेखावरून. तिच्यात ६३ हर्ट्‌झच्या ध्वनीतून सुमारे २६ डेसिबल वजा होतात.

वाचनालयातल्या पंख्याला ही वजाबाकी न्याय्य आहे. वरातीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला नाही. दिल्लीत लग्नसराईच्या रात्री मी हे दरवर्षी अनुभवतो: गाण्याचे शब्द बंद खिडकीबाहेर राहतात, खर्जाचा दणका तेवढा घरात शिरतो, कारण भिंती उच्च स्वर अडवतात आणि मंद्र ध्वनी सोडून देतात. मापकावर नेमका तोच गळतो. अधिकारी आकडा दाखवतो, रहिवासी छातीवर हात ठेवतो. दोघेही खरे बोलत असतात.

दुसरी अडचण सरासरीची. समजा, रात्री दहा ते सहा या वेळात परिसर ३५ डेसिबलवर शांत आहे आणि दोन-दोन सेकंदांचे दहा हॉर्न ७५ डेसिबलने वाजले. रात्रीची सरासरी भरते सुमारे ४४. कायद्याच्या दृष्टीने रात्र शांत गेली. झोपमोड झालेल्या रुग्णाला हे कोण समजावणार?

खरे तर श्रवणशास्त्र या देशाला परके नाही. मृदंग व तबल्याच्या शाईमुळे त्यांचे नाद सुरेल कसे होतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात असताना १९२० मध्येच ‘नेचर’मध्ये मांडले होते.

उपाय खर्चिक नाही. ‘सी’ श्रेणीत ६३ हर्ट्‌झवर एक डेसिबलही वजा होत नाही, आणि अनेक ध्वनिमापकांत ती सोय मुळातच असते. दोन्ही श्रेणींतला फरक दहा डेसिबलहून अधिक असल्यास कंप्रतेनुसार विश्लेषण करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेने सुचवले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ध्वनिनिरीक्षण जाळे २०११ पासून सात शहरांत चालू आहे. तेथे ‘सी’ श्रेणीची आणि रात्रीच्या कमाल पातळीची नोंद जोडता येईल. त्यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही. पर्यावरण मंत्रालयाची एक अधिसूचना अनुसूची बदलू शकते.