वेंगुर्ल्याची डच वखार : इतिहास व जीर्णोद्धार

वेंगुर्ले येथील डच वखारीचा इतिहास गोव्याच्या नाकेबंदीशी निगडित आहे. १६३६ पासून डच आरमार पोर्तुगिजांच्या गोव्यास वेढा देऊ लागले. त्या जहाजांस अन्नपाणी व वार्ता पुरविणारे ठाणे जवळपास हवे होते. विजापूरच्या आदिलशाहीची अनुज्ञा मिळवून डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये येथे वखार घातली. १६६३ मध्ये डचांनी कोची जिंकल्यावर ह्या ठाण्याचे महत्त्व ओसरले.

ही वास्तू आता राज्य संरक्षित स्मारक आहे. तिच्या जीर्णोद्धाराचा विचार करताना कोकणी बांधकामाचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. जांभा खाणीत मऊ असतो व उघड्यावर कठीण होतो. परंतु सच्छिद्र असल्याने तो पाणी शोषतो. छप्पर शाबूत असेतो भिंतीस फारसे भय नसते. ते कोसळले की वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पडणारा पाऊस भिंतीच्या माथ्यावरून आत मुरतो, सांध्यांतील चुना धुपतो आणि फटींत रुजलेल्या वडपिंपळांची मुळे चिरे विलग करितात.

अशा भिंतीस सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आत कोंडते व चिरा झिजू लागतो. चुन्यातून मात्र ती बाहेर पडते. म्हणून प्रथम पाण्याचा निचरा, मग मुळांचे उच्चाटन व शेवटी चुन्याची दरजबंदी, हा क्रम युक्त होय. बदललेल्या प्रत्येक चिऱ्याची नोंदही ठेवावी. अन्यथा मूळचे कोणते व नवे कोणते, हे पुढील अभ्यासकास उमगणार नाही.