गॅस संपला नव्हता!

बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गेल्या मे महिन्यात तेथे एका शिक्षकमित्राकडे मुक्कामाचा योग आला. बाहेर तापमान ४३ अंश सेल्सिअस. घरात मित्राच्या वृद्ध आई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून त्यांच्या खोलीत एक टनी एसी बसवला होता. पण दुपारभर यंत्र चालूनही खोली ३० अंशांच्या खाली उतरत नव्हती आणि आजी घामाने भिजलेल्या. सकाळीच दुरुस्ती करणारा येऊन निदान करून गेला होता: "गॅस संपला जी, भरा लागते." हजारोंचा खर्च होता. मित्राने आम्हाला विचारले, "एका वर्षात गॅस संपतो कसा?"

प्रश्न अगदी योग्य होता. एसीतला गॅस स्टोव्हमधल्या रॉकेलसारखा जळून जात नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. खोलीतल्या नळ्यांत त्याच्या द्रवाची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतली जाते. बाहेरच्या पेटीत काँप्रेसर ही वाफ दाबतो, तिचा पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता बाहेर टाकली जाते. म्हणजे एसी 'थंडी' तयार करत नाही. तो उष्णतेचा हमाल आहे. गॅस कमी झालाच असेल, तर नळीला कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

बादलीने दिलेला पुरावा

आम्ही काहीही उघडले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक तेवढा मागवला. एसीत शिरणारी हवा ३० अंश, बाहेर पडणारी २३ अंश. फरक फक्त ७. कोरड्या हवेत सुस्थितीतल्या यंत्राकडून साधारण १० ते १२ अंशांचा फरक अपेक्षित असतो. जाळी काढून पाहिली, तिच्यावर धूळ आणि कापसाची तूस होती. ती धुतली, पण फरक थोडाच वाढला.

मग लक्ष गेले अंगणातल्या बादलीकडे. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याने ती अर्ध्या तासात लिटरभर भरत होती. घरातले खूष होते, "बघा, किती पाणी काढतो!" आम्हाला मात्र येथेच शंका आली. वऱ्हाडातली मे महिन्यातली दुपारची हवा अतिशय कोरडी असते. ४३ अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर तिच्यातल्या बाष्पाचे दव पडायला ती सुमारे १० अंशांपर्यंत थंड करावी लागेल. अशा हवेत एसीची नळी जेमतेम ठिबकायला हवी. मग इतके पाणी आले कोठून?

उत्तर शेजारच्या बैठकीच्या खोलीत गुरगुरत होते. ते होते कूलर! ऊन लागू नये म्हणून तो खिडकीतून काढून खोलीच्या मध्यावर आणला होता, गरम वारा नको म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या आणि "दोन्ही मिळून जास्त थंड होईल" म्हणून मधले दार उघडे ठेवले होते.

कूलर कसा थंड करतो?

कूलर उष्णता बाहेर टाकत नाही. ताट्यांतले पाणी वाफ होताना हवेची उष्णता घेते. हवा थंड होते, पण ती उष्णता बाष्पाच्या रूपाने हवेतच लपून राहते. म्हणूनच तिला सुप्त उष्णता म्हणतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते.

आता ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच खोली घ्या. तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते. ३० अंशांना एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. म्हणजे साऱ्या खोलीत जास्तीत जास्त लिटरभर! मे महिन्यात कूलर तासाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो. बंद खोलीत पाव तासातच हवा बाष्पाने भरून जाते. पुढे बाष्पीभवन मंदावते, कूलर नुसता पंखा उरतो आणि अंगावरचा घामही वाळत नाही.

आता हिशेब जुळतो. कूलर हवेत पाणी भरत होता आणि एसी तेच पाणी दवरूपाने काढत होता. अर्ध्या तासात एक लिटर म्हणजे सुमारे १.३ किलोवॅट. एक टनी एसीची क्षमता सुमारे ३.५ किलोवॅट असते. (हा 'टन' वजनाचा नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता घेईल, ती ही क्षमता.) म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शक्ती कूलरचे पाणी अंगणात पोहोचवण्यात जात होती!

मधले दार लावले. तासाभरात खोली २६ अंशांवर आली, ठिबकणे जवळपास थांबले आणि आजींना झोप लागली. कूलर पुन्हा खिडकीत बसवला आणि समोरची खिडकी उघडली. थोडक्यात, कूलरला दमट हवा जायला वाट हवी, तर एसीला दारे बंद हवीत. दोघांचा एका छताखाली संसार होत नाही.

यात नवल नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी आपले पहिले यंत्र आखले, ते मुख्यतः हवेतला दमटपणा आवरण्यासाठी. दमटपणामुळे कागद आकार बदलत असे आणि रंगछपाई बिघडत असे.

गॅस भरण्याआधी

जाळी महिन्यातून दोनदा धुवावी. बाहेरच्या पेटीसमोर भिंत, पत्रा किंवा कापसाची तूस नसावी, कारण हमालाला ओझे उतरवायला जागाच नसेल तर तो उचलणार काय? आतल्या नळ्यांवर बर्फ धरला, तर 'फार थंड करतो' असे समजू नये. हवा तुंबली आहे किंवा गॅस कमी आहे, याची ती खूण असते. बाहेरचा पंखा फिरतो पण काँप्रेसर सुरू होत नाही, असे दिसले तर विजेचा दाब पाहावा. पेटी मात्र स्वतः उघडू नये. आतला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

कूलरबाबत या भागात आणखी एक गोष्ट आहे. सोनाळ्याच्या दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. लिटरमागे २ ग्रॅम क्षार असलेले ५० लिटर पाणी रोज उडाले, तर महिन्याला ३ किलो क्षार ताट्यांत आणि टाकीत साचतात. ताट्या दगडासारख्या होतात आणि हवा अडते. टाकीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदलणे हाच उपाय.

वर्गात करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळा आणि दोन्हींना पंख्याचा वारा द्या. ओला तापमापक जेथे स्थिरावेल, तेथपर्यंतच चांगल्यात चांगला कूलर हवा थंड करू शकतो. मे महिन्यात हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना तो सुमारे २२ अंश दाखवेल. पावसाळ्याच्या तोंडाशी ३४ अंश आणि ६५ टक्के असताना मात्र २८ अंशांच्या वरच. जूनअखेर "कूलर बिघडला" असे घरोघरी का म्हणतात, ते मुलांना या दोन आकड्यांवरून स्वतःच सांगता येईल. आणि कोणी "गॅस संपला" म्हणाले, तर आधी बादली पाहायची, हेही त्यांच्या लक्षात राहील.