ओपलचें गांव

वैशाखांतली परभणीची दुपार ज्यांनीं सोसली आहे, त्यांना घराच्या भिंती जाड कां असाव्यात हें सांगावें लागत नाहीं. पण उन्हाला त्रासून निम्मेंशिम्में गांवच जमिनींत शिरलें, असें कोणीं सांगितलें तर तेहि क्षणभर थबकतील. दक्षिण ऑस्ट्रेलियांत, ॲडलेड शहराच्या उत्तरेस सुमारें साडेआठशें किलोमीटरवर, कूबर पेडी नांवाचें असें एक गांव आहे. ज्या दगडासाठीं तेथें माणसें राहिलीं, त्याचे आप्त आपल्या गोदेच्या वाळूंत सांपडतात, म्हणून त्याची ओळख करून द्यावीशी वाटते.

तो दगड म्हणजे ओपल. आपली गारगोटी, आपला अकीक आणि हा ओपल यांचा पिंड एकच, सिलिकेचा. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं दख्खनचा लाव्हा थिजला, तेव्हां त्यांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. झिरपत्या पाण्यानें त्यांत सिलिकेचे थरावर थर चढविले आणि पट्टेदार अकीक झाला. काळा खडक झिजतो, अकीक टिकतो व गोटा होऊन नदींत येतो. ओपलमध्यें मात्र सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे असतात आणि त्यांच्यामध्यें पाणी अडकलेलें असतें. हे गोळे सारख्या आकाराचे असून फळवाल्यानें संत्रीं रचावीं तसे ओळीनें बसले, तर आंत शिरलेला प्रकाश रंगांत फुटून परततो. दगड किंचित् वळविला कीं हिरव्याचा निळा, निळ्याचा तांबडा होतो. गोळे वेडेवांकडे बसले तर दगड नुसता दुधाळ राहतो आणि त्याला कोणी विचारीत नाहीं. हें गूढ १९६४ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें उकललें.

कूबर पेडीस ओपल सांपडला तो १९१५ च्या फेब्रुवारींत, विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला. त्याच्या बरोबरचीं माणसें सोनें शोधावयास आलीं होतीं! गांवाचें नांव तेथील मूळ रहिवाशांच्या ‘कूपा पिटी’ या शब्दांवरून पडलें. त्याचा अर्थ ‘गोऱ्या माणसाचें बीळ’ असा सांगतात. नांव ठेवणारांची विनोदबुद्धि चांगली होती असें म्हटलें पाहिजे.

पहिल्या महायुद्धांतून परतलेले सैनिक तेथें खणावयास आले. खंदकांत राहण्याची संवय त्यांना होतीच. तेथील खडक कोरण्याइतका मऊ, पण धीरे न लावतां छत पेलण्याइतका घट्ट. बाहेर पारा ४५ अंशांवर जावो, आंत तो २५ च्या आसपास राहतो. आपल्याकडे पेवांत ज्वारी राहत असे. तेथें माणसें राहतात. प्रवाशाला भूमिगत खोलींत मुक्काम करतां येतो, भूमिगत चर्चहि पाहतां येतें. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुहांत जो वांकून शिरला आहे आणि बुटक्या दारापलीकडे भव्य मूर्ति पाहून चकित झाला आहे, त्याला या चर्चचें नवल थोडें कमी वाटेल.

बाहेर फिरतांना मात्र सांभाळावें. जुन्या खाणींचीं तोंडें तशींच उघडीं आहेत. धांवूं नका, मागें मागें चालूं नका, अशा पाट्या तेथें लावलेल्या असतात. त्यांतली दुसरी सूचना छायाचित्रें घेणारांसाठीं आहे, हें उघड आहे. दुकानांतहि सावधपणा हवा. कित्येकदां ओपलचा पातळ पापुद्रा काळ्या तळावर चिकटविलेला असतो, आणि कधीं त्यावर पारदर्शक टोपीहि बसविलेली असते. असा खडा दिसतो सुरेख, स्वस्तहि असतो, पण तो अखंड ओपलच्या भावानें घेऊं नये. फार वेळ पाण्यांत राहिला तर त्याचा सांधा सुटतो. विकणाराला स्पष्ट विचारावें आणि खडा कडेनें पाहावा.

रत्नांसाठीं दूरदेशीं जाण्याचा हा ओघ पूर्वीं उलटा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणहून अकीकजातीचा पट्टेदार दगड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. भडोचहून तो समुद्रापार जाई. पैठणची तीच गोदा पुढें गंगाखेडला येते. तेथें घाटाखालच्या वाळूंत एखादा अकीकाचा गोटा हातीं आला, तर तो ओला करून सूर्याकडे धरून पाहा. पट्टे दिसतील, रंग मात्र हलणार नाहींत.