‘ओताकू’ : एका शिक्क्याची चार दशके

जून १९८३मध्ये ‘मांगा बुरिक्को’ या जपानी मासिकात अकिओ नाकामोरी या तरुण लेखकाचे एक सदर सुरू झाले. टोकियोच्या ‘कॉमिक मार्केट’ला गर्दी करणाऱ्या चित्रकथावेड्यांना त्याने त्यात ‘ओताकू’ म्हटले. ही मुले आपसांतही ‘ओताकू’ या अदबीच्या, काहीशा परक्या संबोधनाने बोलत. नाकामोरीने तो संकोच अचूक हेरला आणि त्यांच्या कपड्यांची, अंगकाठीची, मुलींसमोर गप्प होण्याची टर उडवली. संपादक एइजी ओत्सुका यांना त्यातली तुच्छता खटकली आणि काही भागांतच सदर बंद झाले. शब्द मात्र टिकला. त्याची पुढची चार दशके पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्याचा अर्थ छंदिष्टांच्या वागण्यावरून क्वचितच ठरला. बोलणाऱ्याला त्या वेळी काय हवे होते, त्यावरून तो ठरत गेला.

१९८९मध्ये चार लहान मुलींच्या हत्यांप्रकरणी त्सुतोमु मियाझाकीला अटक झाली. त्याच्या खोलीतल्या ५,७६३ व्हिडिओ कॅसेटींचा ढीग देशभर दाखवला गेला आणि ‘ओताकू’ म्हणजे समाजाला धोका, हे समीकरण रूढ झाले. त्या क्रौर्यानंतर पालकांना भीती वाटणे स्वाभाविकच होते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण ती भीती एका गुन्हेगारापुरती थांबली नाही. तेच वाचणारी, तेच पाहणारी असंख्य निरुपद्रवी माणसे तिच्या कक्षेत आली. अनाकलनीय गुन्ह्याला दिसेल असे कारण हवे होते, आणि कॅसेटींनी भरलेली खोली ते आयते पुरवत होती.

पुढे उलटा प्रवास सुरू झाला. तोशिओ ओकादा यांनी १९९६मध्ये ‘ओताकूशास्त्रा’वर पुस्तक लिहिले, टोकियो विद्यापीठात व्याख्याने दिली आणि ओताकूला बारकावे टिपणारा रसिक म्हणून उभे केले. २००४च्या व्हेनिस वास्तुकला प्रदर्शनात जपानचे दालनच या विषयावर होते. २००५मध्ये नोमुरा संशोधन संस्थेने या छंदांची बाजारपेठ सुमारे ४१ हजार कोटी येनची असल्याचा अंदाज मांडला. समुद्रापार तर हा शब्द डाग न घेताच पोहोचला. अमेरिकेत १९९४मध्ये ‘ओटाकॉन’ हे संमेलन त्याच नावाने सुरू झाले. आज मुंबई-पुण्यातले ॲनिमेवेडे तरुणही स्वतःला ओताकू म्हणवतात, तेव्हा त्यात अभिमानच असतो.

मग अन्याय मिटला असे म्हणायचे का? बाजारातून आलेली असली तरी प्रतिष्ठा ती प्रतिष्ठाच, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. तिच्यामुळे अनेकांना आपली आवड लपवावी लागली नाही. पण ती सशर्त होती. ‘देन्शा ओतोको’ या २००४च्या गाजलेल्या प्रेमकथेतला लाजाळू नायक केस, कपडे, चष्मा बदलून प्रेयसीसमोर जातो. म्हणजे स्वीकार होतो तो बदललेल्या रूपाचा. ज्ञान असेल तर रसिक, पैसा असेल तर ग्राहक. पण ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, फक्त आवड आणि संकोच आहे, त्याच्या वाट्याला काय आले? स्त्रियांचेही तसेच. १९७५च्या पहिल्या कॉमिक मार्केटमध्ये बहुसंख्य मुलीच होत्या, तरी ‘ओताकू’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर पुरुषच येत राहिला. पुढे पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथांच्या चाहत्या स्त्रियांनी ‘फुजोशी’, म्हणजे ‘कुजलेल्या मुली’, हे नाव स्वतःच घेतले. दुसऱ्याने हिणवण्याआधी शब्द आपल्या ताब्यात ठेवण्याची ती रीत होती.

म्हणून एखादा शिक्का सुधारला की नाही, हे त्याच्या नावाने भरणाऱ्या संमेलनांवरून किंवा उलाढालीवरून ठरवू नये. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही आणि ज्याची आवड कोणाच्या उपयोगाची नाही, त्या माणसाला न बदलता आपल्यात बसता येते का, हीच त्याची खरी कसोटी आहे. चार दशकांत ‘ओताकू’ शब्दाला मान मिळाला. त्या माणसाला तो मिळणे अजून बाकी आहे, आणि ते काम बाजार करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.